टोपी काढू नकोस

ये, इथं उभी राहा, प्रिमितिवा.
हे निलगिरीचे दोन वासे म्हणजे आपलं दार.
याला कडी नाही, जाळी नाही,
मागे थेट मिठाचं वाळवंट.
गोल झाला तर चेंडू आणायला तुलाच जावं लागेल,
वाऱ्यामागून, पाऊण कोस.
आमच्याकडे गोलकीपर अशाच तयार होतात.

अकरा त्यांच्या, अकरा आपल्या.
आज आपल्या नऊच.
उसेबियाची मेंढी अडलीय,
आणि हिलारिया ओरुरोला गेलीय, दात काढायला.
नऊ तर नऊ.

हात फक्त तुला.
बाकीच्यांना रेघेबाहेर गेलेला चेंडू
डोक्यावरून आत फेकण्यापुरतेच.
विणणारे, सोलणारे, शेण वेचणारे,
सगळ्या घराला पुरून उरणारे हात
नव्वद मिनिटं नुसते लोंबतात दोन्ही बाजूंना.
आधी लाज वाटते, मग सवय होते,
मग घरी गेल्यावर
त्यांना पुन्हा कामाला जुंपणं जिवावर येतं.

ऑफसाइड.
मास्तरांनी फळ्यावर बाण काढून दाखवले,
कुणालाही कळलं नाही.
मग म्हाताऱ्या साबिनानं सांगितलं:
माळावर जेवणाची चादर अंथरतो ना आपण,
बटाटे ओतायच्या आधीच
जी सगळ्यांच्या पलीकडे झोळी उघडून बसते,
ती ऑफसाइड.
बटाटे निघाल्यावर धावत सुटलीस तर चालेल.
तेव्हापासून कुणी चुकत नाही.
एकटी साबिनाच चुकते.

घागऱ्यात चेंडू अडकला तर?
नियमाच्या पुस्तकात घागरा नाही.
पंच शिट्टी वाजवतो, आभाळाकडे बघतो,
आपण चेंडू काढून देतो, सावकाश.
मुद्दाम अडकवायचा नाही.
मी दोनदा अडकवलाय, शेवटच्या मिनिटांत.
ते तू शिकू नकोस.

इथं हवा विरळ,
चेंडू लांब जातो, श्वास जवळच संपतो.
एकदा खालून बँकेतल्या बायका आल्या होत्या,
झकास मोजे, पाठीवर नंबर.
मध्यंतराला गुडघ्यांत डोकी घालून बसल्या.
आम्ही त्यांना कोकाचा चहा दिला
आणि चार गोल.

मी यात कशी आले?
बत्तीसची होते. पाठीवर सरपण,
मैदानाच्या कडेनं चालले होते.
सणाचा दिवस, पुरुष खेळत होते.
चेंडू घरंगळत आला आणि पायाशी थांबला.
'इकडे दे!' तुझा सासरा ओरडला.
देतच तर आले होते,
मागितल्याबरोबर, मागायच्या आधीसुद्धा.
त्या दिवशी काय झालं कोण जाणे,
मी चेंडूवर पाय ठेवला.
नुसता ठेवला.
चपलेखाली तो उन्हानं तापलेला, टम्म,
गाभण्या लामाच्या पोटासारखा.
सगळं मैदान खोळंबलेलं.
दोन श्वास. तीन.
मग मारला.
त्याच्याकडे नाही, उलटा, मिठाकडे.
तो गेला आणायला, शिव्या घालत,
लहान लहान होत गेला,
आणि मी सरपण न उतरवता बघत उभी.
रात्री घरी काय झालं ते नंतर सांगेन.
नाहीतर नाहीच सांगणार.

त्याचेच बूट आहेत तुझ्या पायात.
पुढे लोकर कोंबलीस ना?

पेनल्टीला मारणारीच्या डोळ्यांत बघू नकोस,
डोळे थापा मारतात.
कंबरेकडे बघ. आधी घागरा वळतो.
आणि टोपी काढू नकोस.
उडाली तर उडू दे, आपण होऊन काढायची नाही,
टोपीशिवाय बाई अर्धी दिसते,
आणि दार मोठं दिसतं.

आला बघ त्यांचा ट्रक.
मागे बांधलाय तो मेंढा, जिंकणाऱ्यांचा.
आणि ती उडी मारून उतरली ना,
डावऱ्या पायाची, वेण्या कमरेत खोचलेली,
ती माझी धाकटी बहीण.
तिला अजिबात सोडू नकोस.