ओळंबा

कारेलीबागेतल्या आमच्या टेनामेंटची भिंत
दलसुखभाईंनी आधी तळव्यानं चाचपली,
तापलेलं पोर चाचपावं तशी.
मग दोरी सोडली.
शिसं डोललं, थांबलं.
"भींतने पेट छे, बेन."
खाली सात सूत पोकळ.

त्यांचा ओळंबो, माझा ओळंबा,
फरक एका मात्रेचा.
भिंतीचा तेवढ्यावर भागणारा नव्हता.

उंचवट्यांवर पेन्सिलीनं फुल्या,
टाकीनं तेवढेच सोलले,
खळग्यांत माल भरला,
कपाटांमागं सागाच्या पाचरी.
"भिंत काय सुधारत नाय," ते माझ्या भाषेत म्हणाले,
"कपाटाला कळू द्यायचं नाय, बस."

मी बोलले नाही.
मला ठाऊक होतं केव्हाचं:
छत्तीस वर्षं उतू गेलेलं दूध
ओट्यावरून खिडकीकडंच पळायचं
आणि फडकं मी, न बघता,
तिथंच ठेवायचे.

आता काळा ग्रॅनाइट.
पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध,
शहाण्यासारखा.

काल लेकीचा फोन लांबला.
दूध गेलं.
चहूकडं सारखंच पसरलं,
कुठं जायचं ते न सुचून.

फडकं हातात घेऊन
मीही.