तीसपैकी सात

पहाटे साडेचारला मेन स्ट्रीटवर पथारी.
मिशिगन सरोवर अजून काळं, रस्ता ओला.
गाड्यांना बंदी होण्याआधी तंबू उतरवायचा,
चार पायांना चार वजनं बांधायची:
पाइपात ओतलेलं सिमेंट, एकेक चाळीस पौंडाचं.
लोक विचारतात, कलेत सगळ्यात अवघड काय?
मी म्हणते, कंबर.

शेजारी ड्वेन होकस्ट्रा, मातीची भांडी.
अकरा उन्हाळे आम्ही भेटतो ते फुटपाथवरच.
त्याच्या बायकोचं ऑपरेशन मला ठाऊक आहे,
घराचा पत्ता नाही.
लघवीला जाताना एकमेकांचा गल्ला राखतो.
याहून पक्कं नातं माझ्याकडे फारसं नाही.

दहाला माणसं येतात. आइस्क्रीम, कुत्री, बाबागाड्या.
"माझी भाचीसुद्धा अस्संच काढते."
"प्रिंट म्हणजे झेरॉक्सच ना?"
मी लाकडाचा ठोकळा दाखवते, पटाशी दाखवते,
अंगठ्यावरचा व्रण दाखवते.
ते "वा" म्हणतात, आणि विचारतात
स्वच्छतागृह कुठे आहे.
तेही मला पाठ आहे. बँकेच्या मागे, डावीकडे.

जागेचं भाडं चारशे पंच्याहत्तर.
अर्जाचे चाळीस, ते निवड नाही झाली तरी जातात.
पेट्रोल, मोटेल, डब्यात उकडलेली अंडी.
साडेबारा झाले तरी भवानी नाही.
मग एका दंतवैद्यानं बगळा घेतला,
सोफ्याच्या रंगाशी जुळतो म्हणून.
बगळ्याची हरकत नव्हती. माझीही नव्हती.

दुपारी सरोवरावरून वारा चढला.
समोरच्या रांगेतल्या काचकामवाल्या पोराची पहिलीच जत्रा,
वजनांच्या जागी पाण्याच्या बाटल्या.
तंबू उठला तसे आम्ही सहा जण धावलो,
एकेक पाय, एकेक दोरी धरून उभे राहिलो,
आणि कुणी कुणाला नाव विचारलं नाही.
वारा पडला तेव्हा पोरगा गुडघ्यांवर काचा वेचत होता
आणि ड्वेन त्याला सांगत होता
सिमेंटमध्ये पाणी किती घालायचं.

चारच्या सुमारास ती आली.
काखेत चौकट, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली.
"तुमचंच आहे. नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी घेतलं होतं."
'दोघांनी'पाशी जीभ जरा अडखळली.
"घर विकलं. भिंतीवर नको वाटतं, फेकवतही नाही.
परत घेता का?"

असलं काही माझ्या पाटीवर लिहिलेलं नाही.
मी टॉवेल सोडला.
हिवाळ्यातलं धान्याचं कोठार, मागे नुसतं आभाळ.
खाली पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात: तीसपैकी सात.
तीसच्या तीस विकले गेले होते.
ठोकळा मीच शेगडीत घातला,
ज्या जानेवारीत बॉयलर बंद पडला.
माझ्याकडे एकही उरलं नव्हतं.

आणि ते आभाळ!
एका दमात कोरलेल्या रेघा,
कुठे म्हणून हात थांबलेला नाही,
कुणाला आवडेल का, असं विचारलेलं नाही.
आता मी आभाळ काढत नाही.
आता बगळे काढते.
बगळे खपतात.

तेव्हाची किंमत नव्वद डॉलर.
मी गल्ल्यातून नव्वद मोजले.
ती नको नको म्हणाली, मग घेतले,
चार पावलं गेली, वळली,
आणि टॉवेल परत मागितला.

सहाला आवराआवर. जमा सहाशे दहा, वजा नव्वद.
ड्वेननं विचारलं, "कसा गेला दिवस?"
या धंद्यात याचं उत्तर ठरलेलं: भाडं निघालं.
मी म्हटलं, "एक विकत घेतलं."
तो हसला. त्याला वाटलं, थट्टा.

व्हॅनमध्ये मागे बगळे, एकावर एक.
कोठार शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.
गावाबाहेरच्या सिग्नलला थांबले
तेव्हा काचेवरून अंगठा फिरवून पाहिला,
त्या रेघेमागोमाग, डावीकडून उजवीकडे,
कुठून सुरू केली असेल मी, कुठून –

मागच्यानं हॉर्न दिला.