छप्पन

गावच्या विहिरीवर मी चार ओळी लिहिल्या,
त्या ज्ञानकोशात, जिथे कुणीही लिहू शकतं म्हणतात.
सात मोटांची विहीर, बोरीच्या काठी,
खोदली, एकोणीसशे छप्पन साली.
संध्याकाळपर्यंत तीन ओळी गेल्या.
उरलेलीच्या शेपटाला दोन शब्द टांगलेले:
संदर्भ हवा.

काढणारा कुठला कोण जाणे, पण बोलायला मऊ.
नवीन आहात, म्हणाला, राग मानू नका.
तुम्ही पाहिलंय, हे इथे चालत नाही.
तुमच्या ना नात्यातला ना देण्याघेण्यातला
असा कुणी छापून गेला असेल
तर त्याचं नाव द्या, साल द्या, पान द्या.
मी लिहिलं, त्या विहिरीत मी पोहायला शिकलोय.
तो म्हणाला, छान. पान?

अमळनेरात माझं झेरॉक्सचं दुकान.
दिवसभर लोक स्वतःचे पुरावे घेऊन येतात
आणि दोन-दोन प्रती करून नेतात.
नोव्हेंबरात लोटन आप्पा आले, हयातीच्या दाखल्याला.
समोर उभे, पायरी चढून धाप लागलेली,
आणि मी विचारतोय, आप्पा, आधार कार्ड कुठंय?

मग विहिरीचं विचारलं.
"छप्पन्यामा खंदी. मना बाप तठेच जनमना,
मातीना ढिगवर. त्याले छपन्याच म्हनेत."
मी बोटं मोजली. आप्पाच पंच्याऐंशीचे,
बाप छप्पनचा कसा?
तेव्हा उजाडलं: हे संवताचं छप्पन,
दुष्काळाचं. माझ्या सालाच्या सत्तावन्न वर्षं आधीचं.
"आप्पा, हे कुठे लिहिलेलं आहे?"
"मी सांगस ना भो."

त्याच आठवड्यात एका पेपरच्या पुरवणीत
विहीर आली, रंगीत फोटोसकट.
हरखून वाचायला लागलो, दुसऱ्या ओळीत थबकलो.
वाक्य माझंच. त्या अर्ध्या दिवसात कुणीतरी उचललेलं,
'खोदली'नंतरचा माझा फालतू स्वल्पविरामसुद्धा.
आता नाव होतं, तारीख होती, पान होतं,
पान पाच, खालचा कोपरा.
मऊ माणसाने लगेच मान डोलावली असती.
विहीर तेवढी सत्तावन्न वर्षांनी लहान झाली असती
आणि छपन्या, ढिगाऱ्यावर जन्मलेला,
जन्मायचाच राहिला असता.

कात्रणाच्या मागे पेनाने लिहिलं:
हे माझंच आहे. चुकलंय. वापरू नये.
खणात टाकलं, स्टेपलरच्या पिनांखाली.

मग वाचनालयात, वाळवीने कडा खाल्लेलं
जिल्ह्याचं एक जुनं पुस्तक निघालं.
आमच्या गावाला त्यात दीड ओळ:
घरं एकशे बारा. विहिरी दोन, पाणी गोड.
तेवढंच टाकलं, पान क्रमांकासकट.
राहिलं.

आप्पा दाखला न्यायला आले तेव्हा वाचून दाखवलं.
"दोन?" म्हणाले. "दुसरी कोठे शे?"
कागदाची घडी करून टोपीत सारली,
पायरी उतरले,
आणि पुन्हा थांबले,
बोरीकडे तोंड करून, बराच वेळ.