वाळू ओली असेल तर

मजगाव, उद्यमबागेच्या मागची गल्ली.
रात्री सव्वाअकरा. उद्या लॉजिकचा पेपर.
वही संपली, म्हणून बाबाच्या जुन्या
ओव्हरटाइम कार्डांच्या पाठीवर
पी आणि क्यू मांडत बसलोय.

पी असेल तर क्यू. पी आहे. म्हणून क्यू.
ही वाट सरळ.
क्यू नाही. म्हणून पी नाही.
हीही चालते, उलट्या पायांनी.
पण क्यू आहे, म्हणून पी आहे,
इथं लाल शाईचं वर्तुळ.
"इथंच सगळे घसरतात," हंचिनमनी मॅडम म्हणाल्या,
आधी कन्नडात, मग माझ्याकडं बघून मराठीत.

'किंवा'वर मी आठवडाभर अडलो होतो.
दोन्ही खरं असलं तर चालतं का?
बाकावरचा ईरण्णा म्हणाला, अथवा.
मीही म्हणालो, अथवा.
एकच शब्द दोघांच्या घरात इतकी वर्षं
आणि आमची आज ओळख.
दोन्ही खरं असलं तर चालतं.
बसस्टँडवरच्या पाट्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

अप्रत्यक्ष सिद्धता मात्र घरचीच निघाली.
हवं त्याच्या उलट धरायचं,
वाळूत पोकळी दाबतात तसं
नसण्याला नीट आकार द्यायचा,
त्यात तापलेला तर्क ओतायचा
आणि साचा फोडायचा.
मोनाप्पा मोल्डर, माझा बाप,
अठरा वर्षं हेच करत होता.
पाच मार्कांना.
नाही, पाच मार्क मला. त्याला रोजगार.

सराव क्रमांक सात:
चुकीच्या अनुमानाचं स्वतःचं उदाहरण द्या.
मी लिहिलं,
वाळू ओली असेल तर पंपाच्या बॉडीत फुगे येतात.
फुगे आले.
म्हणून वाळू ओली होती.

लिहिलं, आणि पेन थांबलं.
हे उदाहरण माझं नव्हतं.
सुपरवायझर बिर्जेंचं होतं,
आठ वर्षांपूर्वीचं, चौतीस नग भंगारात गेले तेव्हाचं.
त्यांनी चौथी ओळही लिहिली होती:
बाबाचा हिशेब.

फुगे तर लोखंडातूनही येतात.
लॅडल नीट भाजलं नसेल,
अथवा कोअरला वाफेची वाट सोडली नसेल,
अथवा गंजकं भंगार भट्टीत पडलं असेल.
इतके अथवा. तपासला एकच.

बाबा जागाच होता,
वॉचमनच्या बाराच्या ड्यूटीसाठी बूट चढवत.
"काय करूलालास एवढ्या रात्री?"
कार्ड पुढं केलं. सगळं सांगितलं.
अनुमानच चूक होतं बाबा,
त्यांनी सिद्ध काहीच केलं नव्हतं.
आवाज चढला होता माझा, कोर्टात उभा असल्यासारखा.

त्यानं कार्ड ट्यूबलाइटखाली धरलं.
आधी छापील बाजू वाचली, स्वतःचे तास.
मग माझ्या तीन ओळी.
मग दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

"ओली होती की रे," म्हणाला.
"मूठ दाबली तेव्हाच हाताला कळलं होतं.
टार्गेट होतं त्या दिवशी. ओतलं."

बॅटरी घेतली, पेटते का बघितली, गेला.

मॅडमनी एकदा तास संपता संपता,
बाकं सरकत असताना, हेही सांगितलं होतं.
मी अर्धंच उतरवून घेतलेलं:
अनुमान चुकलं म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही,
तो फक्त
पुढं कागद कोरा.

सातवं उत्तर खोडलं नाही.
आठवा प्रश्न. एन विषम आहे असं धरा.
धरलं,
मुठीत वाळू धरतात तसं,
हळूच दाबून,
ओल किती आहे बघत.