रिकामा धोटा

कॉलरच्या हाडाखाली, जरा डावीकडे,
कातडीच्या आत बसवलंय ते.
राजमणी अंगठ्यानं चाचपते.
रोजच्या हजार विड्या वळलेला अंगठा.
म्हणते, बारीक वळलीय,
कारखान्यात पास करणार नाहीत.

उशाशी दुसरा डबा, हिरव्या दिव्याचा.
मी झोपलो की आतलं यंत्र त्याला सगळं सांगतं,
तो पुढं कुणाला सांगतो काय की.
नातू म्हणतो, सर्व्हरला.
मी म्हटलं, मालकाला म्हण की सरळ.

अडतीस वर्षं जॉबर होतो, अक्कलकोट रोडला.
चोवीस माग एकदम धडधडत असताना
सतराव्याचा खडखडाट कानानं वेगळा काढायचो.
हात न लावता सांगायचो,
पिकर झिजलाय, दुपारपर्यंत जाईल.
जायचा.
तुम्हाला असं ऐकलेलं चालतं का,
हे मागांना मी कधी विचारलं नाही.

परवा हत्तुरे डॉक्टरीणबाईंनी कागद पसरला.
टोक, टोक, टोक, एकसारखी वीण
आणि मध्येच सपाट.
चार सेकंद.
"इराबत्ती काका, मंगळवारी रात्री
दोन चाळीसला काय करत होता?"
झोपलेलो की, म्हटलं.

जिन्यात बसलो होतो.
त्याच दिवशी पुढच्या खोलीतला माग
भंगारवाल्यानं टेम्पोत चढवला. किलोवर.
मालकानं हिशेबात दिलेला, एकुलता एक.
काटा नीट बघून घ्या, असं वर मीच त्याला म्हणालो.
रात्री जाग आली ती आवाजानं नाही,
नसलेल्या आवाजानं.

कांडी संपली तरी धोटा पळतच असतो.
ठोका तोच, धडधड तीच,
कापड तेवढं पुढं सरकत नाही.
नव्या पोरांना हे लवकर उमगत नाही.

कागदावर मी बोट फिरवलं, टॉवेलवर फिरवतो तसं.
सपाट जागेशी अडकलं.
"चक्कर आलेली?"
थोडी.
बाई म्हणाल्या, आता पेसमेकर बसवू,
थांबलं की तो ढकलेल.
स्टार्टर, मी म्हटलं.
त्या हसल्या, तारीख लिहून दिली.

परतताना रिक्षात
ऊन मांडीवर येऊन बसलेलं.
राजमणीनं पदर डोक्यावर ओढला,
सात रस्ता जाईपर्यंत गप्प होती.
मग रस्त्याकडं बघतच म्हणाली,
दोन चाळीस नव्हे,
अडीचलाच अंथरूण गार होतं.