पुढची चौकडी

सहावा होल आखूड. टीवरून झेंडा दिसतो,
झेंड्याभोवतीची माणसंही दिसतात,
म्हणून तर जास्त त्रास.
मकानदार डॉक्टरांनी बाकावर डबा उघडला
त्याला किती वेळ झाला कोण जाणे. भडंग संपलं.
तळाचा कढीपत्ता ते आता एकेक पान करून खातायत.
वाऱ्यावर बावड्याच्या कारखान्याची मळी.
पुढची चौकडी अजून ग्रीनवर.

पांढरी टोपी वाकते, उठते,
पलीकडं जाऊन अलीकडं बघते.
वडगावच्या बाजारात बैलाचे दात मोजणाराही
इतका वाकत नाही.
मग हातभरावरचा चेंडू चार हात पुढं जातो.
दुसऱ्याचा फोन स्पीकरवर,
उजळाईवाडीच्या प्लॉटचा भाव आता डॉक्टरांनाही पाठ.
तिसरा कुणाच्या तरी रेषेवर उभा राहून जांभई देतो.
चौथा तिथंच, भोकाशेजारी, आकडे लिहितो.
"पाच?"
"पाचच की."
आम्ही मोजले होते. आठ.

मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली.
पाळी म्हणजे काय ते मला सांगू नका.
वरच्यानं दार पाडल्याशिवाय खालच्याच्या उसाला पाणी नाही,
आणि वरचा नेहमी म्हणतो, झालंच साहेब,
एवढी सरी भरू द्या.
रात्री दोनला बॅटरी घेऊन
मी ती सरी बघायला जायचो. ती कधी भरलेली नसायची.

या गावात कुणाच्याही उंबऱ्याशी उभं राहा,
"या की", "बसा की", "जेवूनच जावा की".
उठू देत नाहीत.
आणि इथं एक हात वर करून
"जावा की पुढं" म्हणायला
चौघांत मिळून आठ हात, एकही मोकळा नाही.

बाबालाल मुजावर काही बोलत नाही.
पाचव्याच्या बंकरमध्ये त्या चौघांनी
म्हसरं पाण्याला उतरावीत तशी वाळू तुडवून ठेवली होती.
त्यानं दाताळं घेतलं, सगळी सारखी केली,
शेवटी स्वतःचं पाऊलही पुसत उलटा बाहेर आला.
मी म्हटलं, "त्यांची घाण तू कशाला काढतोस?"
"पाय कुणाचाबी असू दे, साहेब," म्हणाला,
"बॉल कुणाचा पडंल, काय सांगावं."

मग काय झालं मला नीट आठवत नाही.
सात नंबरची आयर्न हातात होती.
डॉक्टर "अहो, अहो" म्हणाले.
वर्षातून एकदा माझा फटका सरळ जातो.
तो आज गेला.
"फोर" ओरडलो, पण चेंडू खाली आल्यावर.

झेंडा धरून एक पोरगं उभं होतं, सतराएक वर्षांचं,
अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट.
त्याच्या बुटापासून वीतभर.
फोनसुद्धा गप्प झाला.

दीडशे यार्ड चालायला फार वेळ लागतो.
पांढरी टोपी ओरडत होती, बरोबरच ओरडत होती,
"चूक माझी" हे दोन शब्द
मी अर्ध्या वाटेपासून तोंडात धरून आणले होते.
पोरानं चेंडू उचलला, शर्टाला पुसला,
माझ्या हातात दिला.
"लई जबरी मारलासा, साहेब."

बाबालाल मागून आला. बॅग खाली ठेवली.
"ही रीत न्हवं," म्हणाला.
त्यांना नाही. मला.

आणि मग पांढऱ्या टोपीनंच म्हटलं, जरा तिरकं का होईना,
"जावा की तुम्ही पुढं. घाई दिसतीया."

सातव्यावर माझा चेंडू गवतात.
डॉक्टर शोधतायत, बाबालाल शोधतोय,
मी काठीनं उगाच तेच तेच गवत उलथतोय,
आणि मानेच्या मागं, टीवरून,
चार माणसं मला बघतायत.
तीन मिनिटं. बाबालालनं बोटं दाखवली.
मी ताठ उभा राहिलो, हात वर केला: या, तुम्ही जावा.

त्यांना वाटलं, नमस्कार करतोय.
चौघांनीही हात वर केले.
कुणीच हललं नाही.