दाराची मूठ

सोहारच्या शेडमध्ये एसी बंद पडला
आणि मातीच्या गाडीचं नाक ओघळलं.
खुलूद बलुशी हसली नाही.
म्हणाली, मे महिन्यात खरी गाडीही
अशीच उभी राहणार,
मासळीबाजाराबाहेर, दिवसभर.

मग आम्ही हमूदला बोलावलं,
सुरमईवाला, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली.
त्याने मूठ धरली. निसटली.
पुन्हा धरली.
मी पातं घेऊन खाच वाढवत गेलो
केसभर, अजून केसभर.
तो अरबीत काही पुटपुटत होता,
मी मालवणीत.

गाडीवर आमची नावं नसणार.
पण पहाटे बर्फाच्या पेट्या चढवताना
कुणी न बघताच दार ओढेल,
आणि हमूदची नसलेली दोन बोटं
मुठीमागच्या पोकळीत
जागा धरून असतील.